रेणू काढा, रेणुभार वाचा: सेंद्रिय रसायनाच्या प्रॅक्टिकलमध्ये स्ट्रक्चर ड्रॉइंग सॉफ्टवेअर

बीएस्सीच्या सेंद्रिय रसायनाच्या प्रॅक्टिकलमध्ये स्ट्रक्चर काढायचं सॉफ्टवेअर बहुतेक ठिकाणी सगळ्यात शेवटी येतं. प्रयोग होतो, यील्ड (प्रत्यक्ष मिळालेलं उत्पादन) मोजून होतं आणि मग रिपोर्टमध्ये घालायला सुबक आकृती काढली जाते. हा क्रम उलटा करा. या सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या आकृतीमागे कोणता अणू कोणत्या अणूला कोणत्या बंधानं जोडला आहे याची नोंद असते आणि तिच्यावरून रेणुसूत्र, रेणुभार आणि नाव निघतं. त्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात कोणता रेणू आहे हे रसायनाची बाटली उघडण्याआधीच कळतं. ही सोय प्रयोगाआधी वापरली तरच तिचा खरा उपयोग आहे.

पुढचं सगळं एकाच प्रयोगावर दाखवलं आहे: बेन्झाल्डिहाइड आणि अॅसिटोनपासून डायबेन्झालअॅसिटोन, म्हणजे क्लेझन-श्मिट संघनन (रेणू जोडले जाताना पाणी बाहेर पडणारी अभिक्रिया). यात २:१ चं प्रमाण आहे, दोन दुहेरी बंधांची भूमिती आहे, पाणी बाहेर पडतं आणि उत्पादन स्वच्छ पिवळं घन मिळतं. चुका करायला भरपूर जागा असलेला प्रयोग शिकवायला चांगला.

कोणतं सॉफ्टवेअर

केमड्रॉ १९८५ पासून आहे आणि संशोधन जगतात तेच रुळलेलं आहे, पण त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. पदवीच्या वर्गासाठी त्याच्यावाचून काही अडत नाही. एसीडी लॅब्जच्या केमस्केचची शैक्षणिक वापरासाठी मोफत आवृत्ती मिळते. ती विंडोजवर चालते, एकदा बसवली की इंटरनेट लागत नाही, आणि ५० अणू व ३ वलयांपर्यंतच्या रेणूंची नावंही देते. पदवीच्या प्रॅक्टिकलमधले जवळपास सगळे रेणू त्या मर्यादेत बसतात. ब्राउझरमध्ये चालणारं काही हवं असेल तर केचर घ्या. ते मुक्त स्रोत आहे, लिनक्सवरही चालतं आणि रेणुसूत्र, रेणुभार, रचनेची तपासणी या तिन्ही गोष्टी देतं. नाव देत नाही, पण दुहेरी बंधावर ई (मुख्य गट विरुद्ध बाजूंना, ट्रान्स) किंवा झेड (एकाच बाजूला, सिस) असं लेबल लावून दाखवतं. त्रिमितीसाठी अॅव्होगॅड्रो.

वर्गात एकच सॉफ्टवेअर ठेवा. दोन प्रकारची बटणं समजावण्यात पहिला तास निघून जातो. मोबाइलच्या पडद्यावर बोटानं काढायला लावू नका. बंध नेमक्या अणूवर टेकला की शेजारी पडला हे तिथे दिसत नाही, आणि पुढे दिसेलच की काही चुका तिथूनच येतात. दोघांत एक संगणक असला तर एकानं काढावं, दुसऱ्यानं वहीतून सांगावं, आणि उत्पादनाच्या वेळी अदलाबदल करावी.

संगणक प्रयोगाच्या टेबलावर नकोत. हातमोजे घालून कळफलकाला हात लावायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. १० टक्के कॉस्टिक लागलेली बोटं एकदा कळफलकावर फिरली की पुढच्या बॅचचा उघडा हात तिथे लागतो.

आधी वही

सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी प्रत्येकानं समीकरण वहीत हातानं काढायचं, नाव लिहायचं आणि रेणुसूत्र मोजून लिहायचं. ही पायरी गाळली तर विद्यार्थी सॉफ्टवेअरनं दिलेलं नाव उतरवून घेतो आणि तपासण्यासारखं काही उरतच नाही. विद्यापीठाच्या परीक्षेत स्ट्रक्चर हातानंच काढायचं असतं, तेव्हा हाताचा सराव कमी होऊन चालणारही नाही. वहीतलं रेणुसूत्र पेननं लिहून घ्या आणि मग संगणक सुरू करा.

डायबेन्झालअॅसिटोनचं रेणुसूत्र सी१७एच१४ओ, रेणुभार २३४.३. बेन्झाल्डिहाइड १०६.१, अॅसिटोन ५८.१.

रेणू काढताना

केमस्केचमध्ये दोन मोड आहेत: स्ट्रक्चर आणि ड्रॉ. रेणू फक्त स्ट्रक्चर मोडमध्ये काढायचा. बाण, चौकटी, मजकूर ड्रॉ मोडमध्ये. नवीन विद्यार्थ्याचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच उडतो, कारण ड्रॉ मोडमध्ये काढलेली रेघ हुबेहूब बंधासारखी दिसते आणि सॉफ्टवेअरच्या लेखी ती नुसती रेघ असते.

मधल्या कार्बनपासून सुरुवात करा. कार्बन निवडून पाच कार्बनांची नागमोडी साखळी काढा. तिसऱ्या कार्बनवर एक बंध काढा, बंधावर क्लिक करून तो दुहेरी करा, मग डावीकडच्या पट्टीतून ऑक्सिजन निवडून त्या बंधाच्या टोकावर क्लिक करा. पहिला-दुसरा आणि चौथा-पाचवा कार्बन यांच्यामधले बंध दुहेरी करा. शेवटी बेन्झीनचं वलय निवडून साखळीच्या दोन्ही टोकांना जोडा. हायड्रोजन काढायचे नाहीत, ते सॉफ्टवेअर संयुजेनुसार स्वतः धरतं. हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगा, कारण काही जण कार्बनच्या प्रत्येक कोपऱ्यावर मजकूरचौकटीत एच लिहीत बसतात.

आता टूल्समधल्या कॅल्क्युलेटमध्ये जाऊन मॉलिक्युलर फॉर्म्युला आणि फॉर्म्युला वेट काढा. केचरमध्ये हेच कॅल्क्युलेटेड व्हॅल्यूजमध्ये मिळतं. मिळालेलं सूत्र वहीतल्या सूत्राशेजारी लिहायचं. जुळलं तर पुढे जायचं. जुळलं नाही तर आकृती पुसायची नाही. आधी आकडा वाचायचा.

क्लीन स्ट्रक्चर हे बटण याच्या आधी दाबू देऊ नका. ते कोन आणि बंधांची लांबी सरळ करतं, पण चुकीची जोडणी दुरुस्त करत नाही. वेडीवाकडी आकृती पाहून शंका तरी येते. क्लीन केलेली चुकीची आकृती पुस्तकातल्यासारखी दिसते आणि कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही.

चुकलेला आकडा काय सांगतो

शिक्षकासाठी या सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा उपयोग हाच. प्रत्येक प्रयोगाच्या उत्पादनासाठी नेहमीच्या चुकांचे रेणुभार आधी काढून एक छोटी किल्ली तयार ठेवा. मग वीस जणांच्या बॅचमध्ये प्रत्येकाच्या पडद्यावर वाकून पाहावं लागत नाही, आकडा ऐकला की चूक कुठे आहे ते कळतं. डायबेन्झालअॅसिटोनची किल्ली अशी:

२३२.३ — ऑक्सिजन अणू म्हणून न घालता मजकूर म्हणून टाइप केला आहे. दुहेरी बंधाच्या रिकाम्या टोकाला सॉफ्टवेअरनं कार्बन धरला, दोन हायड्रोजन दिले, आणि सूत्र सी१८एच१६ झालं. ओ हे अक्षर वर नुसतं तरंगतं आहे.

२५०.३ — एक वलय साखळीला जोडलेलंच नाही. बंध वलयाच्या कोपऱ्यापर्यंत आला, पण चिकटला नाही. मोकळ्या टोकाला मिथाइल धरलं गेलं आणि वलय सुटं बेन्झीन राहिलं. दोन्ही मिळून सी१८एच१८ओ.

२४६.४ — दोन्ही वलयांत दुहेरी बंधांऐवजी वर्तुळाचं चित्र काढलं आहे. सॉफ्टवेअरला ती सायक्लोहेक्झेन दिसतात. एकाच वलयात असं केलं असेल तर २४०.३.

२३६.३ — साखळीतला एक दुहेरी बंध एकेरीच राहिला.

२५२.३ — दुसऱ्या बाजूला अल्डॉल (पाणी जाण्याआधीचा जोडलेला टप्पा) झाला, पण पाणी बाहेर काढलं नाही.

१४६.२ — संघनन एकाच बाजूला केलं. हा बेन्झालअॅसिटोन, आणि हा नुसती कागदावरची चूक नाही. अॅसिटोन जास्त पडलं तर चंचुपात्रातही हाच तयार होतो.

यातला पहिला आकडा विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. ऑक्सिजनऐवजी दोन हायड्रोजनसह कार्बन आला तर रेणुभारात फरक पडतो फक्त २ चा. २३२ आणि २३४ जवळजवळ सारखेच वाटतात, ‘दशांशाचा फरक असेल’ म्हणून विद्यार्थी पुढे जातो आणि हाच आकडा यील्डच्या हिशोबात वापरतो. म्हणून रेणुभाराआधी रेणुसूत्र पाहायची सवय लावा: सी१८एच१६ मध्ये ऑक्सिजनच नाही हे नजरेला लगेच दिसतं.

सुटं राहिलेलं वलय शोधायला एक सोपी युक्ती: निवडीच्या साधनानं आकृतीचा एक भाग पकडून बाजूला ओढा. जोडलेलं असेल तर बंध ताणला जाईल, नसेल तर तुकडा अलगद निघून येईल. ओढल्यानंतर अनडू करायला विसरू नका.

किल्लीतले आकडे एका दशांशापर्यंत दिले आहेत ते मुद्दाम. अणुभाराच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांमुळे दोन सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या दशांशात फरक येतो आणि विद्यार्थी त्यावर उगाच अडतात.

एक्झॅक्ट मास आणि मॉलिक्युलर वेट हे दोन आकडे केचरमध्ये जवळजवळ दिसतात. वजनाच्या हिशोबाला मॉलिक्युलर वेटच घ्यायचं. एक्झॅक्ट मासमध्ये प्रत्येक मूलद्रव्याचा एकच समस्थानिक धरलेला असतो, तो आकडा मास स्पेक्ट्रमसाठी. डायबेन्झालअॅसिटोनमध्ये फरक थोडा आहे, पण पुढच्या आठवड्यात पॅरा-ब्रोमोअॅसिटॅनिलाइड असेल तर तिथे मॉलिक्युलर वेट २१४.१ आणि एक्झॅक्ट मास २१२.९८ दिसतं. ब्रोमीनचे दोन समस्थानिक जवळपास समप्रमाणात असल्यामुळे हे घडतं. तिथेच थांबून हा मुद्दा सांगावा.

नायट्रो गटासाठीही आधीच नियम ठरवून द्या. नायट्रोजनला दोन दुहेरी बंध दाखवले तर पाच संयुजा होतात आणि रचना तपासताना इशारा येऊ शकतो. धन भार नायट्रोजनवर, ऋण भार एकेरी बंधाच्या ऑक्सिजनवर, असंच काढायचं. सोडियम क्षारातही सोडियम आणि ऑक्सिजनमध्ये बंध न काढता दोन्ही आयन भारासह वेगळे दाखवायचे. इथे रेणुभार दोन्ही प्रकारे सारखाच येतो, म्हणून ही चूक किल्लीत सापडत नाही.

रेणुभाराला न सापडणाऱ्या चुका

समघटकांचा रेणुभार सारखाच असतो. वरच्या ब्रोमीनच्या संयुगात ब्रोमीन ऑर्थोला (वलयावर शेजारी) लावला काय आणि पॅराला (समोर) लावला काय, आकडा २१४.१ च. अशा ठिकाणी नाव कामाला येतं. टूल्समधल्या जनरेटमधून नेम फॉर स्ट्रक्चर निवडा आणि मिळालेलं नाव विद्यार्थ्यानं आधी वहीत लिहिलेल्या नावाशी ताडून पाहा. आपल्या उत्पादनाचं नाव (१ई,४ई)-१,५-डायफेनिलपेंटा-१,४-डाईन-३-ओन असं यायला हवं.

नावातला ई गायब असेल तर बहुधा साखळी सरळ रेषेत काढलेली आहे. दुहेरी बंधाच्या दोन्ही बाजूंचे बंध एकाच रेषेत असले की ट्रान्स की सिस हे आकृतीत सांगितलेलंच नसतं, आणि सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे ते सोडून देतं. अशा आकृतीवर क्लीन दाबलं तर सॉफ्टवेअर साखळीला स्वतःच्या सोयीनं वाकवतं आणि नावात ई येऊन बसतो. विद्यार्थ्यानं न घेतलेला निर्णय मशीननं घेतला, आणि उत्तर बरोबर आल्यामुळे तो कोणाच्या लक्षातही येत नाही. क्लीन आधी नको म्हणण्याचं हे दुसरं कारण.

एक दुहेरी बंध झेड आला तर विद्यार्थ्याला साखळी दुरुस्त करायला सांगण्याआधी विचारा: प्रयोगातून ई,ई-च का मिळतो? उत्तर त्याच्याच पडद्यावर आहे. झेडमध्ये फेनिल (बेन्झीनचं वलय) आणि कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध) एकाच बाजूला येतात आणि गर्दी होते. या समघटकाचा द्रवणांक ११०–११२ अंश सेल्सिअस असतो हे इथेच सांगून ठेवा, म्हणजे नंतर केशनलिका बघताना त्याला आकृती आठवेल.

पाचरीच्या (कागदाबाहेरची दिशा दाखवणाऱ्या) बंधांबद्दल एवढंच: पाचरीचं टोकदार टोक किरल (चार वेगळे गट असलेल्या) कार्बनवर, रुंद टोक बाहेर. उलट काढलं की सॉफ्टवेअर किरल केंद्र भलत्या अणूवर शोधतं किंवा शोधतच नाही.

समीकरण आणि यील्डचा हिशोब

रेणू तपासून झाले की पूर्ण समीकरण एका ओळीत मांडायचं: दोन बेन्झाल्डिहाइड, एक अॅसिटोन, बाण, एक डायबेन्झालअॅसिटोन, दोन पाणी. पाणी लिहायला लावा. डावीकडे १०६.१ × २ + ५८.१, उजवीकडे २३४.३ + १८.० × २, दोन्हीकडे २७०.३ आलं तर समीकरण संतुलित.

बॅचसाठी प्रमाण असं ठेवा: सोडियम हायड्रॉक्साइड २ ग्रॅम, पाणी २० मिली, इथेनॉल १६ मिली, बेन्झाल्डिहाइड २.० मिली, अॅसिटोन ०.७३ मिली. बेन्झाल्डिहाइडची घनता १.०४४ ग्रॅम प्रति मिली, म्हणजे २.०९ ग्रॅम, १९.७ मिलिमोल. अॅसिटोनची घनता ०.७९, म्हणजे ०.५७७ ग्रॅम, ९.९ मिलिमोल. बेन्झाल्डिहाइड दोन मोल लागतं म्हणून १९.७ ला २ नं भागायचं, ९.८४ मिलिमोल. तेच लिमिटिंग (आधी संपणारं), आणि थिऑरेटिकल यील्ड (जास्तीत जास्त मिळू शकणारं उत्पादन) २.३० ग्रॅम.

या प्रमाणात एक सापळा आहे. जो विद्यार्थी २ नं भागायला विसरतो तो १९.७ आणि ९.९ मधला लहान आकडा म्हणून अॅसिटोनला लिमिटिंग ठरवतो आणि उत्तर काढतो २.३३ ग्रॅम. चुकीच्या वाटेनं जवळजवळ बरोबर उत्तर. तपासणाऱ्यालाही ते खटकत नाही. म्हणून हिशोबापुरतं एक उदाहरण जास्तीचं द्या: अॅसिटोन १.० मिली घेतलं तर? आता अॅसिटोन १३.६ मिलिमोल. बरोबर करणाऱ्याचं उत्तर २.३० वरच राहतं, विसरणाऱ्याचं ३.१९ ग्रॅम येतं आणि चूक उघडी पडते. हे उदाहरण कागदावरच ठेवा. प्रत्यक्षात अॅसिटोन वाढवलं की बेन्झालअॅसिटोन मिसळतो आणि घन चिकट येतो.

जुन्या बाटलीतल्या बेन्झाल्डिहाइडचं हवेत ऑक्सिडीकरण होऊन बेन्झोइक आम्ल झालेलं असतं. तळाशी पांढरे स्फटिक दिसले तर ताजं ऊर्ध्वपातित घ्या. सॉफ्टवेअरचा हिशोब शंभर टक्के शुद्धता धरून असतो, बाटली ती हमी देत नाही.

याच वेळी प्रत्येक रेणूची सुरक्षा माहिती काढून घेता येते. पबकेम या रसायनांच्या ऑनलाइन संग्रहात रचना काढून शोधायची सोय आहे. तिथून सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, घ्यायचा (अॅसिटोन ६७-६४-१, बेन्झाल्डिहाइड १००-५२-७) आणि बाटलीवरच्या लेबलशी जुळवायचा. नावांपेक्षा हा क्रमांक भरवशाचा, कारण एकाच रसायनाची नावं लेबलगणिक बदलतात.

ढवळण्याच्या अर्ध्या तासात यंत्रणा

बेन्झाल्डिहाइड आणि अॅसिटोनच्या मिश्रणाचा अर्धा भाग अल्कलीत घालून जोरात ढवळायचा. दोन-तीन मिनिटांत पिवळा अवक्षेप दिसू लागतो. १५ मिनिटांनी उरलेला भाग घालून आणखी ३० मिनिटं ढवळत ठेवायचं. तापमान २०–२५ अंशांत हवं. एप्रिलमध्ये नळाचंच पाणी त्याहून गरम असतं, तेव्हा बर्फ टाकलेल्या पाण्यात चंचुपात्र ठेवा. ही ३० मिनिटं यंत्रणा (अभिक्रिया कोणत्या पायऱ्यांनी होते ते) काढायला योग्य. जोडीतला एक जण चंचुपात्राजवळ थांबेल, दुसरा हातमोजे काढून, हात धुऊन संगणकावर बसेल, आणि १५ मिनिटांनी जागा बदलतील.

इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात हे दाखवणारे वक्र बाण सॉफ्टवेअर तपासत नाही, ही गोष्ट वर्गात ठळकपणे सांगा. बाण धन भारापासून ऋण भाराकडे काढला तरी ते मुकाट्यानं स्वीकारतं. पण प्रत्येक मध्यस्थाचं सूत्र आणि भार ते मोजून देतं, आणि त्यावरून बाणांवर लक्ष ठेवता येतं. पहिल्या संघननाची साखळी अशी लिहून घ्या:

इनोलेट (प्रोटॉन गमावलेलं अॅसिटोन): सी३एच५ओ, भार −१.
बेन्झाल्डिहाइडवर हल्ल्यानंतरचा अल्कॉक्साइड: सी१०एच११ओ२, भार −१.
पाण्याकडून प्रोटॉन घेतल्यावर: सी१०एच१२ओ२, भार ०.
पाणी गेल्यावर बेन्झालअॅसिटोन: सी१०एच१०ओ, भार ०.

प्रत्येक पायरीवर अणू आणि भार दोन्हीकडे जुळले पाहिजेत. अल्कॉक्साइडवर भार लिहायला विसरला की सॉफ्टवेअर तिथे हायड्रोजन घालून मोकळं होतं आणि सी१०एच१२ओ२ दाखवतं. म्हणजे दोन वेगळ्या पायऱ्यांचं सूत्र एकच आलं. असं दिसलं की चूक भारात आहे हे ओळखायचं.

बाणाची शेपटी इलेक्ट्रॉनच्या जोडीवर किंवा बंधावर, टोक अणूवर किंवा नव्या बंधाच्या जागी: हे शिक्षकानंच डोळ्यांनी पाहायचं. इनोलेटमधला बाण ऑक्सिजनवरच्या जोडीपासून सुरू होऊन कार्बन-कार्बन दुहेरी बंधातून बेन्झाल्डिहाइडच्या कार्बनपर्यंत पोचायला हवा. शेवटच्या पायरीत आधी कार्बोनिलशेजारचा प्रोटॉन जातो, इनोलेट परत तयार होतो आणि मग हायड्रॉक्साइड बाहेर पडतो. वरच्या चार ओळींत हा इनोलेट मुद्दाम दिलेला नाही. विद्यार्थ्यांनी तो स्वतः घालावा: सी१०एच११ओ२, भार −१. अल्कॉक्साइडचंही सूत्र आणि भार हेच आहेत, पण रचना वेगळी. इथे रेणुसूत्र पुरत नाही, हे त्यांना इथेच कळलेलं बरं.

एक तांत्रिक बाब. बाण रेणूला चिकटलेले नसतात. रेणू हलवला किंवा मोठा केला की बाण जुन्याच जागी राहतात. आधी सगळे रेणू जागेवर बसवा, बाण सगळ्यात शेवटी काढा, आणि हलवायचं झालं तर सगळं निवडून एकत्र हलवा.

स्पेक्ट्रम आणि त्रिमिती

अवक्षेप ब्युकनर फनेलवर गाळून, अल्कली जाईपर्यंत थंड पाण्यानं धुऊन इथेनॉलमधून स्फटिकीकरण झालं की आकृतीकडे परत या. एनएमआरचा (हायड्रोजनांचे संकेत मोजणाऱ्या स्पेक्ट्रमचा) अंदाज देणारी साधनं आहेत, पण अंदाज हा अंदाजच असतो. ज्ञात संयुगांसाठी जपानच्या एआयएसटी संस्थेच्या एसडीबीएस या मोफत संग्रहातला प्रत्यक्ष मोजलेला स्पेक्ट्रम दाखवा. अल्कीनच्या हायड्रोजनांचे दोन डबलेट सुमारे ७.१ आणि ७.७ पीपीएमला दिसतात, आणि दोन्हींमधला युग्मन स्थिरांक सुमारे १६ हर्ट्झ. सिसमध्ये तो १२ च्या आसपास किंवा कमी असता. नावातला जो ई सकाळी पडद्यावर तपासला होता, तो इथे मोजमापात दिसतो.

आयआर (अवरक्त) स्पेक्ट्रममध्ये कार्बोनिल १६५० सेंमी⁻¹ च्या आसपास येतो, नेहमीच्या कीटोनच्या १७१५ पेक्षा बराच खाली. हे का, याचं उत्तर काढताना संयुग्मन आकृतीवर बोट ठेवून दाखवता येतं.

त्रिमितीसाठी रचना मोल फाइल (अणू आणि बंधांची यादी असलेली फाइल) म्हणून साठवा, अॅव्होगॅड्रोमध्ये उघडा, हायड्रोजन जोडा आणि एमएमएफएफ९४ हे फोर्स फील्ड (रेणूच्या आकारावरून ऊर्जा काढायचं गणित) निवडून जॉमेट्री ऑप्टिमाइझ करा. ई,ई रेणू जवळजवळ सपाट दिसेल. एक बंध झेड करून पुन्हा करा, फेनिल वलय सपाटीबाहेर वळलेलं दिसेल. एवढं पुरे. ऊर्जेचे आकडे वहीत उतरवून घेऊ नका, वेगवेगळ्या रेणूंच्या फोर्स फील्ड ऊर्जांची सरसकट तुलना करता येत नाही. आणि ऑप्टिमायझेशन ऊर्जेच्या जवळच्या खड्ड्यात थांबतं हेही लक्षात असू द्या: सायक्लोहेक्झेन वाईट आकारातून सुरू केलं तर ते खुर्चीऐवजी ट्विस्ट-बोटवर थांबू शकतं, जी खुर्चीपेक्षा सुमारे २३ किलोज्यूल प्रति मोल वर आहे.

जर्नल, फाइल आणि गुण

जर्नलमध्ये चिकटवायच्या आकृत्या सगळ्या एकाच मापाच्या हव्यात. केमड्रॉमध्ये एसीएस १९९६ ही शैली निवडली की बंध ०.५०८ सेंमी आणि अक्षर १० पॉइंट असं ठरलेलं माप मिळतं. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच आकडे हातानं भरा. वर्डमध्ये आणल्यावर आकृतीचा कोपरा धरून ताणू नका, नाहीतर एका पानावर तीन मापांची बेन्झीन वलयं दिसतात. उपकरणांच्या मांडणीसाठी केमस्केचच्या टेम्प्लेटमध्ये लॅब किट आहे, रिफ्लक्स आणि ऊर्ध्वपातनाची आकृती त्यातून पटकन जुळते. फक्त दोन गोष्टी बघा: कंडेन्सरला पाणी खालून येऊन वरून जातंय ना, आणि मांडणी कुठेतरी हवेला उघडी आहे ना.

विद्यार्थ्यांकडून स्क्रीनशॉट घेऊ नका. सॉफ्टवेअरची मूळ फाइल आणि मोल फाइल घ्या, नावात रोल नंबर आणि प्रयोग क्रमांक. मोल फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. दुसऱ्या ओळीत सॉफ्टवेअरचं नाव, आणि बऱ्याचदा तारीख-वेळही असते. खाली प्रत्येक अणूचे निर्देशांक चार दशांशांपर्यंत. हातानं काढलेल्या दोन आकृत्यांचे सगळे निर्देशांक तंतोतंत सारखे येणं अशक्यच. मात्र लगेच कॉपीचा आरोप करू नका: नाव टाइप करून रचना तयार केली असेल किंवा क्लीन दाबलं असेल, तरी दोघांचे निर्देशांक जुळू शकतात. शंका आली तर विद्यार्थ्याला संगणकावर बसवून तोच रेणू पुन्हा काढायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

गुण देताना सुबकतेला वेगळे गुण नकोत. दहापैकी चार बरोबर रचना आणि नावाला, तीन हिशोबाला, तीन यंत्रणेतल्या सूत्र-भाराच्या जुळणीला, ही विभागणी चालते. सॉफ्टवेअरनं दाखवलेली चूक विद्यार्थ्यानं वहीत ‘२५०.३ आलं, वलय सुटं होतं’ अशी स्वतः नोंदवली असेल तर त्या चुकीचे गुण कापू नका.